आवाज येतोय का?

अकरावीचा पहिला तास मी आमच्या साखळीच्या घरी बाल्कांवात बसून केला. आत नेटवर्क नव्हतं. २०२०चा पाऊस. दहावीची परीक्षा आम्ही मे-जूनमध्ये तोंडाला मास्क लावून दिली होती आणि नव्या शाळेची इमारत अजून आतून पाहिलीही नव्हती. सरांचं पहिलं वाक्य होतं, "आवाज येतोय का?" आम्ही सगळ्यांनी चॅटमध्ये लिहिलं, 'येस सर'. तास संपताना त्यांनी विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" परत एकाखाली एक साठ वेळा 'येस सर'.

त्या वर्षात मी किती 'येस सर' लिहिले त्याची मोजदाद नाही. पण त्यातले निम्मे तरी खोटे होते. सरांना फसवायचं नव्हतं. 'नाही' लिहिलं असतं तर साठ जणांच्या ओळीत माझं एकटीचं नाव दिसलं असतं, आणि नक्की काय समजलं नाही हे सांगण्याइतकंसुद्धा मला समजलेलं नव्हतं.

चार वर्षांनी मी पलीकडच्या बाजूला बसले. आपल्या मंडळाने गेल्या पावसाळ्यात पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी देवनागरी लेखनाचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग घेतला. माध्यमिकपासून सगळं इंग्रजीतून शिकलेली, मराठी बोलता-वाचता येतं पण लिहिताना हात अडतो, अशी मुलं. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं, अर्जाचा आणि निबंधाचा मजकूर. वर्ग मी घ्यायचा ठरलं, कारण मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकलेली. (फर्नांडिस-डिसोझांच्या घरात मराठी कसं, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी विचारला जातो. उत्तर सोपं आहे. घराजवळ तीच शाळा होती.) पहिल्या दिवशी मीट चालू केलं, समोर तेवीस काळे चौकोन दिसले आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आवाज येतोय का?"

तेवीसातले तिसऱ्या आठवड्यात नऊ उरले.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढची तुकडी एसवायच्या मुली घेणार आहेत. आपल्यातले बरेच जण बीएड करतील, ट्युशन घेतील, नाहीतर एखाद्या कोर्सवर मदतनीस म्हणून बसतील. म्हणून पहिल्या तुकडीत मी काय चुकले आणि दुसरीत काय बदललं, ते लिहून ठेवते.

आधी मुळातली गोष्ट. वर्गात शिक्षक बोलत असतात तेव्हा मुलंही सतत उत्तरं देत असतात. तोंडाने नाही. कोणाची पेन थांबते, कोणी फळ्याकडून शेजाऱ्याच्या वहीकडे बघतो, मागच्या बाकावर चुळबुळ सुरू होते. चांगल्या शिक्षकाला हे वाचायला वेगळे कष्ट पडत नाहीत. तो वाक्य मध्येच तोडून म्हणतो, "थांबा, परत सांगतो." न विचारता मिळणारी ही उत्तरं ऑनलाइन वर्गात येतच नाहीत. तिथे प्रत्येक उत्तर मागून घ्यावं लागतं. मागितलं नाही तर काळा चौकोन आणि शांतता. त्या शांततेत काहीही असू शकतं. मूल लक्ष देऊन ऐकत असेल, गेलेलं असेल, रेंज तुटली असेल, नाहीतर आई हाक मारत असेल.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली, आणि गोव्यात ती जास्तच खरी आहे. आपल्या वर्गात तास मराठीतून चालतो, पण त्याच्याखालून कोंकणीतून दुसरा तास चालू असतो. "कितें म्हणलें गे बायन?" असं शेजारणीला हळूच विचारायचं, ती दोन शब्दांत सांगणार, परत पुढे. माझं निम्मं शिक्षण या कुजबुजीत झालं आहे. ऑनलाइनमध्ये शेजारीणच नाही. कुजबुजायची सोय नाही, आणि सगळ्यांसमोर माइक उघडून विचारायचं तर शुद्ध मराठीत विचारायला हवं अशी भीती. ज्यांचं मराठी लिहिणं कच्चं म्हणून ते आमच्या वर्गात आले, त्यांनाच आम्ही प्रश्न विचारण्यासाठी पक्क्या मराठीची अट घातल्यासारखं झालं होतं. ही अट कोणी तोंडाने घातली नव्हती, पण काढलीही नव्हती.

मायकेल मूर नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासकाने दूरशिक्षणातल्या अंतराचा विचार गेल्या शतकातच मांडला. त्याचं म्हणणं असं की शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. दोघांत बोलणं किती होतं, अभ्यासक्रम किती घट्ट बांधलेला आहे आणि विद्यार्थी स्वतःच्या बळावर किती चालू शकतो, यावर ते ठरतं. म्हणजे एकाच खोलीत बसूनही ते मोठं असू शकतं आणि पोस्टाने शिकतानाही कमी होऊ शकतं. इग्नू १९८५ला सुरू झालं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ला. तेव्हा कुठलं मीट आणि कुठलं झूम! इग्नूच्या पद्धतीत विद्यार्थी स्वाध्याय लिहून पाठवतो आणि तो तपासणाऱ्याने नुसते गुण न देता समासात शेरा लिहायचा असतो. तो शेरा म्हणजेच तिथलं बोलणं.

माझ्या पहिल्या तुकडीत असं बोलणं जवळजवळ नव्हतंच. मी दर सोमवारी संध्याकाळी सातला तासभर शिकवत होते, पीडीएफ पाठवत होते, स्वाध्याय देत होते. सगळं एका दिशेने.

आता त्या मुलीबद्दल. नाव देत नाही. वाळपईच्याही पुढे, सत्तरीतल्या एका गावातून ती यायची. वर्गात तिचा चौकोन यायचा, दहा मिनिटांनी जायचा, परत यायचा. माइक कधी उघडला नाही. स्वाध्याय एकही आला नाही. तिसऱ्या आठवड्यात मी वैतागून ग्रुपवर लिहिलं: "सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की जे स्वाध्याय पाठवत नाहीत त्यांनी विनाकारण जागा अडवू नये." रात्री पावणेदहाला ती ग्रुपमधून बाहेर पडली.

मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. वाटलं, ज्यांना शिकायचंय तेवढेच राहतील.

दोन आठवड्यांनी ती मला कॉलेजच्या जिन्यात भेटली. पिशवीतून वही काढून म्हणाली, "हें तुमकां दिवपाचें आशिल्लें." चार स्वाध्याय, सगळे पूर्ण, शाईने. ग्रुप सोडल्यावरसुद्धा तिने कुणाकडून तरी चौथा मिळवून सोडवला होता. घरात एक फोन, तो सातला कामावरून येणाऱ्या वडलांबरोबर यायचा. रेंज घरात नाही, घरामागच्या काजूच्या भाटात चढावर मिळायची, आणि पावसात अंधारात तिथे किती वेळ उभं राहणार? वहीचे फोटो काढून पाठवले तर ते गोल गोल फिरत राहायचे. दुसऱ्या स्वाध्यायाच्या समासात तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: 'पाणी दीर्घ, मग आणि ऱ्हस्व का?'

अख्ख्या तुकडीत कोणी विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असा नियम आपण शिकवतो. पाणी, पेरू, मोती, चाकू. पण 'आणि' आणि 'नि' हे त्याला अपवाद, आणि संस्कृतातून जशीच्या तशी आलेली 'परंतु', 'तथापि' अशी अव्ययंही ऱ्हस्वच. हे मी तासाला सांगायला विसरले होते. वर्गात तिने नुसती भुवई उंचावली असती तरी मला आठवलं असतं. तो प्रश्न महिनाभर समासात पडून राहिला, कारण माझ्यापर्यंत यायला त्याला वाटच नव्हती.

ती वर्गात परत आली नाही. मी बोलावलं, ती "बरें" म्हणाली, पण आली नाही. त्यात तिची काही चूक नाही.

तेव्हा दुसऱ्या तुकडीला, दिवाळीनंतर, मी सुरुवात वेगळी केली. पहिला तास घेण्याआधी प्रत्येकाला पाच प्रश्न विचारले. फोन तुझा की घरातला? घरातला असेल तर तुझ्या हातात किती वाजता येतो? रेंज कुठे मिळते? दिवसाचा डेटा किती आणि त्यावर आणखी कोण असतं? तुला लिहून विचारणं सोपं जातं की बोलून? विचारल्यावर कळलं की अठरापैकी सात जणांना संध्याकाळी सात ही वेळ अशक्य होती. २०२०मध्ये सांगे तालुक्यात मुलं रेंजसाठी कुमारी डोंगर चढून जातात ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली, हळहळलो, आणि मग शाळा उघडल्यावर विसरलो. डोंगर तिथेच आहे. तो फक्त बातमीत नाही.

डेटाचं गणितही शिकवणाऱ्याला माहीत हवं. व्हिडिओ चालू ठेवून तासाचा ग्रुप कॉल केला की जीबीभर डेटा सहज उडतो. दिवसाच्या दीड जीबीत दोन भावंडं असली तर प्रश्नच मिटला. उलट मिनिटभराचा आवाजी मेसेज काही शे केबीत जातो, रेंजच्या एका झुळकीत. म्हणून दुसऱ्या तुकडीत प्रत्यक्ष तास पंचवीस मिनिटांचा केला, आणि बाकी सगळं छोट्या आवाजी मेसेजवर आणि वहीच्या कमी आकाराच्या फोटोंवर. कॅमेरा चालू करायची सक्ती केली नाही. यावर आपल्या मंडळातच वाद झाला. काहींचं म्हणणं, चेहरा दिसला नाही तर शिकवायचं कोणाला? मला पटतं ते, काळ्या चौकोनांशी बोलताना आपण वेडे आहोत असं वाटतं. पण पडद्यावर सतत स्वतःचा चेहरा बघत बसण्याने आणि सगळ्यांचे डोळे जवळून आपल्यावर रोखलेले असण्याने माणूस थकतो, हे स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सनने २०२१मध्ये मांडलं आहे. आणि सगळ्यांच्या पाठीमागे दाखवण्यासारखी भिंत असतेच असं नाही. माझ्याही नव्हती.

मग मेसेज कसा लिहायचा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण ऑनलाइन वर्गात शिक्षकाचा चेहरा, आवाज, हातवारे सगळं त्या चार ओळींत असतं. माझा तो 'सूचित करण्यात येते' वाचा परत. कोण सूचित करतंय? कोणीच नाही. आपल्या मराठीत ही कर्मणी, कचेरीची भाषा फार जवळची झाली आहे. 'कळविण्यात येते', 'नोंद घ्यावी', 'गैरहजर राहिल्यास विचार केला जाणार नाही'. नोटीस बोर्डावर ती चालते, कारण तिथे वाचणाऱ्याला बोर्डाला उत्तर द्यायचं नसतं. फोनवर मात्र ती एका मुलीच्या हातात, रात्री पावणेदहाला, एकटीला येते. त्या वाक्यात कोणी माणूसच नसेल तर ती उत्तर देणार कोणाला?

दुसऱ्या तुकडीला त्याच प्रसंगी मी असं लिहिलं: "तिसरा स्वाध्याय पाच जणांचा आलाय. बाकीच्यांना अजून वेळ आहे, शुक्रवार रात्रीपर्यंत. वीस मिनिटांचं काम आहे. फोटो जात नसेल तर पहिल्या तीन ओळी वाचून आवाजी मेसेज टाका, नाहीतर वही कॉलेजात मंडळाच्या खोलीत ठेवा. काहीच जमत नसेल तर मला एकटीला फक्त 'नाही' लिहा, कारण विचारणार नाही." यात काय करायचं, कधीपर्यंत, किती वेळ लागेल, अडलं तर दुसरा रस्ता कोणता, हे सगळं आहे. शेवटची ओळ मी थोडी भीतभीतच घातली. वाटलं, सगळे 'नाही' लिहून मोकळे होतील. दोघांनीच लिहिलं, आणि त्यातल्या एकाने पुढच्या आठवड्यात दोन्ही स्वाध्याय एकदम पाठवले.

प्रश्न विचारण्याचंही तसंच. 'समजलं का?' हा प्रश्नच नाही, त्याला एकच उत्तर असतं. त्याऐवजी पडद्यावर दोन शब्द ठेवा: अ) दुध, ब) दूध. सगळ्यांनी चॅटमध्ये एक अक्षर लिहायचं, पण मी 'पाठवा' म्हणेपर्यंत कोणी पाठवायचं नाही. हे महत्त्वाचं, नाहीतर पहिला जे लिहितो तेच सगळे लिहितात. दहापैकी सहा जणांनी 'अ' पाठवला की मला कळतं, आत्ता थांबायला हवं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या आसपास वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलतात. हे समोरासमोरच्या वर्गाचं. सत्तरीत भाटात उभ्या असलेल्या मुलीपर्यंत माझा प्रश्न पोचायलाच दोन-तीन सेकंद जातात. मग तिने वाचायचं, विचार करायचा, टाइप करायचं. मी आता मनात दहा आकडे मोजते. सुरुवातीला ते दहा सेकंद असह्य होतात, मध्येच काहीतरी बोलावंसं वाटतं. नाही बोलायचं.

हे लिहिताना मला घरचं कीर्तन आठवतं. घरचं म्हणजे आमच्या घरी नव्हे. साखळीच्या दत्तमंदिराचा उत्सव किंवा वाळवंटीपलीकडच्या विठ्ठलमंदिरातलं काही असलं की कीर्तन शेजारच्या काकींबरोबर लहानपणी मीही ऐकलं आहे. बुवा तासभर सलग कधी बोलत नाहीत. पूर्वरंगात तत्त्वाचं निरूपण, मग मध्यंतर, सगळ्यांकडून नामाचा गजर, बुवांना हार, लोकांना बुक्का, आणि नंतर उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. मध्ये मध्ये अर्धी ओळ म्हणून सोडून द्यायची, उरलेली लोकांनी पुरी करायची. झोपलेला माणूस तिथेच पकडला जातो, आणि कोणाचं नाव न घेता. मी पंचवीस मिनिटांचा तास असाच तोडला. नऊ-दहा मिनिटं नियम, मग सगळ्यांच्या हाताला काम, मग त्या नियमावरचा एखादा खराखुरा गोंधळ. अर्धं वाक्य सोडून द्यायची युक्तीसुद्धा चॅटमध्ये चालते. 'शेवटचा इकार नेहमी...' आणि थांबायचं.

पण हे झालं समोर लोक हजर असतानाचं. आधी मुद्रित करून ठेवलेल्या तासाचं काय? गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने कोविडच्या काळात 'दिष्टावो' या नावाने पदवीच्या विषयांचे व्हिडिओ तयार करून यूट्यूबवर ठेवायला सुरुवात केली, ते आपण परीक्षेच्या आदल्या रात्री बघतोच. तिथे श्रोता नाहीच. याला उत्तर मला अनपेक्षित जागी सापडलं. यंदा प्रोजेक्टसाठी ख्रिस्तपुराण वाचत होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ला गोव्यात आला, जन्माने इंग्रज, आणि १६१६ला त्याचं मराठी पुराण राशोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. ते कुठल्या गावात, कोण, कोणापुढे वाचणार हे त्याला दिसणार नव्हतं. मग त्याने शंका विचारणारी माणसंच पुराणात आणून बसवली. ती विचारतात, पाद्री-गुरू उत्तर देतो. ज्ञानेश्वरीतही श्रोत्यांशी असंच सतत बोलणं आहे. मुद्रित तास करणाऱ्याने हेच करावं. मधल्या मधल्या जागी मुलाच्या तोंडची शंका, मुलाच्याच भाषेत विचारावी: 'पाणी दीर्घ, मग आणि ऱ्हस्व का?' दुसऱ्या तुकडीसाठी मी केलेल्या सहा मिनिटांच्या ध्वनिफितीत हा प्रश्न तसाच घेतला आहे, आणि प्रश्न माझा नाही हेही सांगितलं आहे.

शंका मिळवायच्या तर भाषा सैल सोडावी लागते. दुसऱ्या तुकडीत पहिल्याच दिवशी सांगितलं: स्वाध्याय मराठीत, देवनागरीत, पण प्रश्न कशातही. कोंकणीत, रोमीत, इंग्रजीत, अर्धं-अर्धं. आणि आधी मीच रोमी कोंकणीत एक प्रश्न ग्रुपवर टाकला. सांगून जे होत नाही ते केल्याने होतं. उत्तर मी मराठीत द्यायचे, सोप्या. शिवाय जोड्या पाडल्या. दोघांनी एकमेकांना फोन करायचा आणि मला विचारण्याआधी एकमेकांना विचारायचं. ती हरवलेली कुजबुज परत आणायचा हा प्रयत्न. नऊ जोड्यांतल्या पाच चालल्या, तीन नावापुरत्या राहिल्या, एक भांडली.

आता उत्तर देण्याबद्दल, कारण विचारायला लावून उत्तर दिलं नाही तर न विचारलेलं बरं. मी स्वतः एकदा पैसे भरून केलेल्या कोर्सला चर्चेच्या पानावर प्रश्न टाकला होता, नाव घेत नाही. तिथे माझ्याच प्रश्नाखाली आणखी अकरा जणांनी 'मलाही हेच विचारायचं आहे' असं लिहिलं. शिकवणाऱ्यांचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. तो कोर्स मी तिथेच सोडला. असे सोडणारे थोडेथोडके नसतात. एमआयटी आणि हार्वर्डच्या मोफत खुल्या कोर्सांचा जो अभ्यास २०१९मध्ये 'सायन्स'मध्ये आला, त्यात २०१७-१८ला नाव नोंदवणाऱ्यांपैकी कोर्स पुरा करणारे ३.१३ टक्के होते. सगळेच उत्तर न मिळाल्यामुळे गेले असं नाही, कित्येक जण नुसते डोकावायला येतात. आपल्याकडे केंद्र सरकारचं 'स्वयम' २०१७ला सुरू झालं. त्याच्या रचनेत व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि चाचणी यांच्या जोडीला चर्चा हा चौथा भाग मुद्दाम ठेवला आहे. कुठल्याही कोर्सचा हा कोपरा जिवंत राहणार की नाही, ते तिथे बसलेल्या माणसावर असतं.

मी वेळ ठरवून टाकली. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री आठ ते नऊ. इतर वेळी उत्तर येणार नाही, पण या वेळी नक्की येणार. आधी मी कधीही उत्तर द्यायचे, अकरा वाजतासुद्धा, आणि स्वतःला फार चांगली समजायचे. त्याने झालं असं की एका मुलाला पाच मिनिटांत उत्तर आणि दुसऱ्याला तीन दिवसांनी. दुसऱ्याने अर्थ लावला की मॅडमना तो आवडत नाही. उत्तरात आधी नाव, मग त्याने नक्की काय बरोबर केलं ते, मग एकच दुरुस्ती. सात चुका असल्या तरी एकच. 'व्हेरी गुड' आणि अंगठा मी बंद केले, कारण ते वही न उघडताही देता येतात आणि मुलांना हे कळतं. चूक नेहमी त्याच्या एकट्याच्या मेसेजमध्ये सांगायची. चांगला प्रश्न मात्र विचारणाऱ्याला विचारून ग्रुपवर.

आणि कोणी दोनदा गप्प राहिलं तर मी स्वतः लिहायचे, ग्रुपवर नाही. 'का आला नाहीस' असं नाही. 'मंगळवारची वेळ जमत नाहीये का? दुसरी बघूया?' एवढंच. एका मुलाने उत्तर दिलं की आजोबा इस्पितळात आहेत. दुसऱ्याने सरळ लिहिलं, "कंटाळो येता." तेही कळलेलं बरं.

सगळंच जमलं असं समजू नका. उत्साहात मी रोज सकाळी 'आजचा शब्द' पाठवायला लागले आणि दहा दिवसांत निम्म्या लोकांनी ग्रुप म्यूट केला, मग कामाचे मेसेजही कोणी वाचेनात. आवाजी मेसेजवर विरामचिन्हं शिकवायचा प्रयत्न पुरता फसला. स्वल्पविराम कानाला दाखवता येत नाही. शेवटचे दोन तास आम्ही शनिवारी कॉलेजात प्रत्यक्षच घेतले, आणि माझं प्रामाणिक मत आहे की जे दोन तासांत झालं ते ऑनलाइनला चार आठवडे लागले असते. अठरापैकी तेरा जण शेवटपर्यंत राहिले. वेळ लागतो भरपूर. प्रत्येक तासामागे माझे दोन तास उत्तरांत जायचे. आठवड्याला अठरा मुलं म्हणून जमलं, साठ असती तर नसतं जमलं. अकरावीच्या त्या सरांपुढे साठ जण होते, हे आता कळतं.

पुढच्या तुकडीची नावं जूनमध्ये घेतली जातील. पाच प्रश्नांचा कागद मंडळाच्या खोलीत, दाराजवळच्या कपाटात वरच्या खणात आहे, त्याच्या झेरॉक्स काढून घ्या. लिंक पाठवू नका, कागदच द्या. वह्या ठेवायला तिथेच एक खोका ठेवला आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी कोणीतरी तो उघडून बघा. समासही बघा.